वारीतला कचरा नेमका कुणाचा?

पालखी पुढे सरकली की दुसऱ्या दिवशी ते फोटो फिरायला लागतात. रस्ताभर कागदी कप, प्लेटा, बाटल्या आणि वर लिहिलेलं असतं की वारकऱ्यांनी बघा काय करून ठेवलंय. यंदा माउलींच्या पालखीबरोबर पुण्यातून फलटणपर्यंत चालले, रथामागच्या एका दिंडीत, आणि आता असलं काही वाचलं की डोकंच फिरतं.

कचरा होतो, नाही कशाला म्हणू. पण तो होतो कसा हे चालल्याशिवाय कळत नाही. हडपसर सुटेपर्यंत दर थोड्या अंतरावर मांडव, चहा घ्या माउली, केळं घ्या, लाडू घ्या, बिस्किटपुडा घ्या, पाण्याची बाटली घ्या, नको म्हटलं तरी हातात कोंबतात. श्रद्धेनं देतात त्याबद्दल वाद नाही. पण बॅनर रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि डस्टबिन एकच, तोही टेबलाच्या मागे! दिंडीत थांबता येत नाही हो, मागून दुसरी दिंडी येत असते, चहा चालता चालताच प्यायचा, आणि कप रिकामा होईस्तोवर मांडव कुठल्या कुठे मागे राहिलेला असतो. मग तो कप टाकायचा कुठे? एका ठिकाणी तर गाडगेबाबांचा हा एवढा मोठा फोटो आणि त्याच्याच खाली थर्माकोलच्या वाट्यांतून उपमा वाटप चालू. राज्यात 2018 पासून थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी आहे. बाबा असते तर झाडू उलटा धरला असता त्यांनी.

आमच्या दिंडीत लातूरकडच्या एक आजी होत्या, गाठोड्यात दोन लुगडी, स्टीलचं ताट आणि तांब्या, बाकी काही नाही. चहा वाटणाऱ्या पोरापुढे त्यांनी तांब्या धरला, "ह्यात वत की रं बाबा." तो म्हणाला आजी कपात घ्या, गरम आहे. आजी म्हणाल्या, "मग तांब्या काय कागदाचाय व्हय?" पोरगं हसत सुटलं आणि निमूट तांब्यात ओतला चहा. जुनी माणसं सगळी अशीच चालतात, त्यांच्यामागे खरकटंसुद्धा राहत नाही, आणि नाव मात्र त्यांचं खराब होतं.

भेकराईनगरच्या पुढे गेलं की फुरसुंगी, उरुळी देवाची. वर्षानुवर्षं पुण्याचा कचरा या गावांच्या माथी मारला गेला, विहिरींचं पाणी नासलं, गावकऱ्यांनी कितीदा कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. आपण एका दिवसात तिथून पार होतो, नाकाला पदर लावून. पुढे दिवे घाट. सगळे ड्रोनचे फोटो काढतात तिथले, भगव्या पताका, हिरवा डोंगर, एकदम भारी. चालताना कठड्याच्या खाली वाकून बघा, राडारोडा, फुटक्या टाइल्स, सोफ्याचा स्पंज. हे काय वारकऱ्यांनी डोक्यावर वाहून आणलं?

जेजुरी सोडल्यावर वाल्ह्याच्या अलीकडे एका ओढ्यात गोण्याच गोण्या पडलेल्या, कोंबडीची पिसं नि आतडी, कुत्र्यांनी फाडून रस्त्यापर्यंत ओढत आणलेली. टाळ वाजवता वाजवता सगळ्यांनी नाकं दाबली. बांधावर एक शेतकरी काका उभे होते, त्यांना विचारलं तर म्हणाले रात्री येत्यात ताई, लाइट बंद करून, टेम्पो उलटा लावायचा नि ओतून मोकळं. कायदेशीर जागी टाकायला डिझेल लागतं, पैसे लागतात, ओढा फुकट. अडवलं तर उलट दमदाटी. ग्रामपंचायतीकडे घंटागाडी एक, ती गावातलाच कचरा उचलताना दमते. घनकचऱ्याचे नियम आहेत, उघड्यावर, नाल्यात, पाण्यात काहीही टाकायला बंदी आहे, पण रात्री दोन वाजता ओढ्यावर उभं कोण राहणार?

त्याच काकांनी आमच्याबद्दलही ऐकवलं, आणि ते बरोबर होतं. पालखी गेल्यावर वावरात काय राहतं, तर पातळ रेनकोट. रस्त्यावर मिळतात ते, एका सरीत फाटतात आणि तिथंच सुटतात. नांगरताना फाळाला गुंडाळतात. कपाचा कागद कुजतो पण आतला प्लास्टिकचा पापुद्रा तसाच राहतो. आणि भाताची चव लागलेल्या चकचकीत प्लेटा जनावरं खातात, मग डॉक्टर बोलवा. लोक जाळून टाकतात शेवटी, तो धूर वेगळाच.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी, निर्मल वारी या स्वच्छतेच्या उपक्रमामुळे मुक्कामाच्या गावी फिरती शौचालयं असतात, बायकांचे किती हाल वाचलेत ते आम्हालाच माहीत. पूर्वी अंधार पडायची वाट बघायची बायका. म्हणजे मनावर घेतलं की होतं. तेवढंच मांडववाल्यांच्या बाबतीत का होत नाही, परवानगी देतानाच सांगा ना की पुढच्या अर्ध्या किलोमीटरवर तुमची माणसं पोती घेऊन उभी पाहिजेत, नाहीतर वाटप नाही.

फलटणच्या तळावर रात्री पालात यावरच चर्चा रंगली. कुणी म्हणालं भिशी, म्हणजे दिंडीच्या खर्चाची वर्गणी, थोडी वाढवू आणि सामानाच्या ट्रकला रिकाम्या गोण्या बांधू, दोन पोरं मागून कचरा गोळा करत येतील. आजींना ते अजिबात पटलं नाही, "गोण्या कशाला, मुळात घ्यायचंच न्हाई, तांब्या फुडं करायचा." दिंडीच्या महाराजांनी पुढच्या वर्षीच्या पत्रकात ताट-तांब्या सक्तीचा लिहायचं कबूल केलंय. रेनकोटवरून मात्र वाद मिटला नाही, निम्म्यांना जाड प्लास्टिकच्या कागदाची खोळ हवीय, निम्मे म्हणतात ती ओली झाली की वाहायची कुणी.