खोली किती, आणि केव्हाची?

आम्ही खाड्यांचे सर्व्हे करतो. सुरुवातीला भागीदार दोघे, होडी भाड्याची आणि खुणांच्या दोरीला बांधलेलं शिसं. आता इको साउंडर, म्हणजे तळाशी ध्वनी सोडून परतणाऱ्या प्रतिध्वनीवरून खोली मोजणारं यंत्र आहे, कामाला पाच माणसं आहेत. पहिल्या कामातली फजिती मात्र ऑफिसात अजून निघते.

जेटीसाठी खोली मोजायची होती. एक काठ सकाळी घेतला, दुसरा जेवून. आकडे बरोबर, नकाशा साफ चुकलेला! मधल्या वेळात ओहोटी लागली होती आणि पाण्याची पातळी लिहून ठेवायचं कुणाला सुचलंच नव्हतं. पदरमोड करून सगळं पुन्हा मोजलं. तेव्हापासून आधी काठावर मोजपट्टी रोवायची, मगच होडी सोडायची. एक माणूस दर 10 मिनिटांनी पाणी टिपत बसतो. कंटाळवाणं काम, पण अख्खा सर्व्हे त्याच्या वहीवर उभा असतो.

भरती साधारण 12 तास 25 मिनिटांनी येते, म्हणजे रोज पन्नासेक मिनिटं उशिरा. आमचं जेवणही तसंच सरकतं. घरच्यांनी वेळ विचारणं सोडलंय.

‘खाडी कुठपर्यंत खारी?’ हा ग्राहकांचा ठरलेला प्रश्न. समुद्राच्या किलोभर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार. ते जड पाणी तळाने आत शिरतं, नदीचं हलकं पाणी वरून बाहेर पडतं. एकाच जागी वरची बाटली जवळजवळ गोडी आणि तळाची तोंडात धरवत नाही, असं आम्ही चाखून पाहिलंय. भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा, प्रवाह मंद; हे थर स्पष्ट सापडतात. उधाणाला, म्हणजे तो फरक मोठा असतो तेव्हा, पाणी ढवळून निघतं.

गाळाचं दुखणं वेगळंच. खाऱ्या पाण्यात मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटतात, जड होऊन बसतात. म्हणून उपसलेली वाट पुन्हा भरते. अशा मऊ गाळावर 200 किलोहर्ट्झचा ध्वनी वरूनच परततो, 33 चा आत शिरून खालच्या घट्ट थरावरून. पडद्यावर दोन तळ! ग्राहकाला हवा असतो एकच आकडा. आम्ही दोन्ही देतो.

ओहोटीला उघडा पडणारा चिखल बऱ्याच नकाशांत ‘पडीक’ म्हणून रंगवतात. तिथे खेकड्यांची बिळं असतात, किडे टिपणारे पक्षी असतात, कडेच्या खारफुटीच्या मुळांत माशांची पिल्लं वाढतात. आम्ही नोंद करतो. गेल्या वर्षी एका ग्राहकाने ती नोंद खोडायला सांगितली. खोडली नाही. बिलाचा शेवटचा हप्ता अजून येणं आहे.