उलटा निघालेला आकडा

संध्याकाळी साडेसहाला क्यूपीसीआरची (आरएनए किती आहे ते मोजणाऱ्या चाचणीची) प्लेट संपली आणि स्क्रीन बघून माझी भूकच मेली. थंडीत ठेवलेल्या उंदरांच्या तपकिरी चरबीत मिआर-133 हा चिमुकला आरएनए उतरायला हवा होता. माझ्याकडे तो चौपट!

तपकिरी चरबी साठवण्यापेक्षा जाळण्यासाठी असते. तिच्या मायटोकॉन्ड्रियातलं यूसीपी1 हे प्रथिन ऊर्जेचं एटीपी (पेशीचं इंधन) होऊ न देता सरळ उष्णता करून टाकतं. मिआर-133 हा जेमतेम 22 अक्षरांचा मायक्रोआरएनए पीआरडीएम16 या प्रथिनाला दाबून ठेवतो, आणि पीआरडीएम16 शिवाय पेशी धड तपकिरी होत नाही. थंडीत 133 घटतो, पीआरडीएम16 मोकळा होतो, शेगडी पेटते. हे 2012 मध्येच छापून आलंय. लठ्ठपणावर 133 रोखणारं औषध शोधायचे बेत त्यातूनच निघाले.

गंमत म्हणजे त्याच नमुन्यांत यूसीपी1 मस्त वाढलेलं. म्हणजे उंदरांना 4 अंशांची थंडी नीट लागली होती. प्रायमर (चाचणीत वापरायचे डीएनएचे तुकडे) तपासले, तुलनेसाठी मोजलेला यू6 हा आरएनए तपासला, प्लेट पुन्हा लावली. तेच.

मॅडमनी आलेख पाहून एवढंच विचारलं, "मांस आलंय का गं बरोबर?"

मला राग आला. तीन वर्षं उंदीर कापतेय मी! पण 133 स्नायूंत भरपूर असतो, हे मलाही ठाऊक होतंच. उरलेल्या आरएनएवर मायोसिन, म्हणजे स्नायूंच्या प्रथिनाचं जनुक, लावून पाहिलं. थंडीच्या सहापैकी चार नमुन्यांत ते ढळढळीत.

घोळ कसा झाला ते नंतर कळलं. ही चरबी दोन खांद्यांच्या मधे, फुलपाखरासारखी, स्नायूंवरच बसलेली असते. ऊबेतल्या उंदरात ती फिकट असते, कड स्पष्ट दिसते. थंडीत आतलं तेल जळून ती गडद लाल होते आणि खालच्या मांसात मिसळून गेल्यासारखी दिसते. म्हणजे चूक नेमकी थंडीच्याच गटात शिरली. दोन्ही गटांत सारखी झाली असती तर कदाचित लक्षातही आली नसती, आणि ते जास्त वाईट.

(औषधवाल्यांनीही हे जरा मनावर घ्यावं. हृदय आणि स्नायू 133 ने भरलेले असताना तो अख्ख्या शरीरात रोखायचा म्हणजे काय?)

उरलेल्या दोन स्वच्छ नमुन्यांत 133 खरंच उतरला होता. पण दोन उंदरांवर पेपर होत नाही. त्या रात्री प्राणी समितीचा अर्ज भरायला बसले: आणखी सहा उंदीर, कारण – विच्छेदनातील त्रुटी. 'कोणाची' असा रकाना नव्हता, बरं झालं.