खुर्ची अखेर वाळूत रुतायची थांबली: करवंटीचा उपाय, आणि आता विरीचा विचार

कोकण किनाऱ्याने पायी भटकताना सॅकमध्ये कोणत्या चैनीच्या वस्तू न्यायच्या, याची माझी एक यादी आहे. मागच्या नोंदीत त्यातल्या उशी, पंखा आणि छत्रीचा हिशोब झाला होता आणि घडीची खुर्ची यादीतून बाद व्हायच्या बेतात होती. आता ती चैनीच्या वस्तूंत पहिल्या क्रमांकावर आहे. रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या कोरड्या, भुसभुशीत वाळूत ७० किलोचा माणूस पाठ टेकून बसला तरी मागचे पाय दोन बोटांपलीकडे खाली जात नाहीत, आणि त्यापायी पाठीवरचं ओझं वाढतं ते ४० ग्रॅमच्या आत.

अर्ध्या किलोची खुर्ची कशाला, असं विचारणारे बहुतेक घाटावर चालणारे असतात. सह्याद्रीत बसायला कातळ आहे, देवळाचा ओटा आहे, गावाचा पार आहे. किनाऱ्याने चालताना वेळापत्रक समुद्राच्या हातात असतं. छोट्या खाड्या ओलांडायच्या तर ओहोटीच्या तळाच्या आगेमागे तासभर, एवढीच सवड. ती हुकली की पुढची ओहोटी साडेबारा तासांनी, आणि रोज ती साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड अशा काही ठिकाणी जंगलजेटी, म्हणजे गाड्याही नेणारी फेरीबोट आहे. बाकी ठिकाणी होडी मिळेपर्यंत किंवा पाणी उतरेपर्यंत थांबावंच लागतं. खाली वाळू एक तर ओली असते, नाहीतर तापलेली, आणि रत्नागिरीच्या बाजूची काळी वाळू दुपारी पाय टेकवू देत नाही. दिवसातले तीन-चार तास बसण्यात जाणार असतील, तर पाठीला टेकू देणारी वस्तू मला उशीपेक्षा मोलाची वाटते.

अडचण होती ती पायांची. हेलिनॉक्स कंपनीच्या ‘चेअर झिरो’ या हलक्या घडीच्या खुर्चीच्या धर्तीवरच्या सगळ्या खुर्च्यांना चार बारीक पाय आणि टोकाला रबरी बोंडूक असतं. पाठ टेकली की वजनाचा मोठा वाटा मागच्या दोन पायांवर जातो. साठ टक्के धरला तर ७० किलोच्या माणसाचे प्रत्येक मागच्या पायावर २१ किलो आले. बोंडूक अडीच सेंटिमीटर व्यासाचं, म्हणजे क्षेत्रफळ जेमतेम ५ चौरस सेंमी. दाब झाला सव्वाचार किलो प्रति चौ. सेंमी. अनवाणी उभ्या माणसाच्या तळव्याखाली तो पाव किलोच्या आसपास असतो. गाठायचा आकडा हाच.

खुर्चीखाली चारही पायांना अडकवायची चटई सपाट जागी काम करते. पण किनारा उतरता असतो, तिथे ती खुर्चीसकट घसरते, खालून ओली होते आणि खारी वाळू घेऊनच सॅकमध्ये शिरते. टेनिस बॉलला भोक पाडून बसवले तर अर्धा बॉल रुतल्यावर ३५ चौ. सेंमी मिळतात, दाब ०.६ किलोवर येतो. ओलसर वाळूत हे पुरतं, सुरूच्या बनालगतच्या कोरड्या वाळूत नाही. शिवाय चार बॉल मिळून सव्वादोनशे ग्रॅम, आणि जागा खातात ती वेगळीच.

करवंटीचं गणित बरोबर बसतं. ११ सेंमी तोंडाची अर्धी करवंटी वाळूत इतकी बसली की वाळूच्या पातळीला तिचा व्यास ९ सेंमी होईल, तर ६४ चौ. सेंमी मिळतात आणि दाब येतो ०.३३ किलो. जवळजवळ तळव्याइतका. अर्धी करवंटी साधारण ६०-७० ग्रॅमची, म्हणजे वाहून न्यायची वस्तू नव्हे. पण कोकणात ती न्यायची गरजच काय? मुक्कामाच्या घरी चुलीशेजारी ढीग असतो. ‘काकू, दोन करवंट्या घेऊ का?’ एवढं विचारलं की झालं. सकाळी त्या परत चुलीत.

पालथी ठेवली तर मात्र फसगत ठरलेली. कड सुरीसारखी वाळू कापत जाते आणि पाय पाठीवरून घसरतो. उताणीच हवी. उताणी ठेवल्यावर खरा त्रास सुरू होतो: खुर्चीचे पाय बाहेरच्या बाजूला तिरके असतात, त्यामुळे बोंडूक करवंटीच्या बाहेरच्या भिंतीवर चढतं, करवंटी कलंडते आणि पाय उडी मारून बाहेर येतो. काथ्याचा बोळा, चपलेच्या रबराची चकती, दोन्ही तळाशी घालून पाहिलं. थोडा वेळ टिकतं, माणूस हलला की परत तेच.

तोडगा दोन गोष्टींच्या जोडीने निघाला. पहिली, करवंटी आडवी सपाट न ठेवता पायाच्या रेषेत तिरकी दाबायची, तोंड पायाकडे. आधी रिकामी खुर्ची ठेवून चार खुणा करायच्या, मग मागच्या दोन खुणांवर मुठीने खळगा करून करवंटी बसवायची. दुसरी, पाय आत ठेवल्यावर करवंटी ओल्या वाळूने भरून अंगठ्याने ठासायची. कोरडी वाळू पाय धरून ठेवत नाही. ओलसर वाळूच्या कणांमधलं पाणी कणांना एकमेकांकडे ओढून धरतं, म्हणून ती बोंडकाभोवती खोबणीसारखी घट्ट होते. अर्धा पेला समुद्राचं पाणी पुरतं. पाणी जास्त झालं तर चिखल होतो आणि पकड सुटते. वाळू बोंडकाच्या वर, अॅल्युमिनियमच्या नळीपर्यंत भरू नका, मीठ नळीला तिथूनच कुरतडायला लागतं.

यातून आणखी एक फायदा हाती लागला, आणि त्याचा आनंद जास्त आहे: चार करवंट्या लागतच नाहीत. पुढच्या पायांवर १४-१४ किलोच येतात. त्यांना किनाऱ्याला लागलेल्या रबरी चपलेच्या तळातून कापलेल्या ८ सेंमी व्यासाच्या चकत्या पुरतात. एका चकतीला बोंडकाच्या मापाचं भोक, खाली दुसरी अखंड चकती, दोन्ही पंक्चरवाल्याच्या रबर सोल्यूशनने चिकटवायच्या. एकेरी चकती मधोमध वाकते, दुहेरी नाही. मागच्या पायांना हीच चकती मोठी करून चालत नाही, कारण तिरक्या भाराने तिची बाहेरची कड वाळूत घुसते.

करवंटी निवडताना पिकलेल्या नारळाचीच घ्या, शहाळ्याची मऊ पडते. बोटाच्या पेराने वाजवून पाहा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर कुठेतरी तडा आहे. तडा जातो तो बहुधा डोळ्यांपासून निघणाऱ्या तीन शिरांपैकी एकीवर. खोबरं पूर्ण खरवडलेलं हवं, नाहीतर रात्री मुंग्या, कुर्ल्या आणि कुत्री तिघांचीही हजेरी लागते. जांभ्याच्या सड्यावर किंवा शेणाने सारवलेल्या खळ्यात यातलं काहीही लागत नाही. दगडावर करवंटी फुटतेच.

एक जागा मात्र सोडायची. भरतीच्या रेषेवरची कोरडी वाळू हीच कासवांचीही अंडी घालायची जागा. वेळास, आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यांवर साधारण नोव्हेंबर ते मार्च खुर्ची अंगणात मांडावी. वाळूत खळगे नकोत आणि पांढरा दिवा तर मुळीच नको.

नळ्यांबद्दल थोडं. जोडात खारी वाळू अडकली की नळी मधल्या सांध्यात पूर्ण बसत नाही, कडेवर भार येतो आणि तिथूनच ती चिरते. जोडण्याआधी प्रत्येक नळी उलटी करून ठोका. संध्याकाळी गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. तेल लावू नका, वाळू चिकटते. मेणबत्तीचा तुकडा जोडावर घासलेला बरा. स्वस्तातल्या नकला घेताना वजनापेक्षा कापडाच्या चार कोपऱ्यांतले खिसे पाहा. तिथे दुहेरी कापड आणि आडवी दाट शिवण नसेल तर ती खुर्ची पैसे वाया घालवणारी आहे, कितीही हलकी असो.

बाकी यादीत फारसा बदल नाही. पंचा कायम. कोकमाच्या आगळाची ६० मिलीची बाटली नव्याने आली आहे: एक चमचा आगळ, आठ-दहा चमचे पाणी, वर चिमूटभर साखर. आगळात मीठ असतंच, त्यामुळे दुपारी घाम गेल्यावर क्षारांची वेगळी पुडी फोडावी लागत नाही. बाटली प्लास्टिकची घ्या. आंबट आणि खारट एकत्र असल्याने अॅल्युमिनियमला ते खातं आणि पत्र्याचं झाकणही गंजतं.

खरं तर पुढची पायरी चकत्या अजून नीट कापायची ठरली होती. हे लिहिता लिहिता ती बाजूला ठेवतो आहे, कारण पोफळीची विरी, म्हणजे झावळीच्या बुडाचा रुंद, चामड्यासारखा भाग, आठवली. भिजवली की वाकते, दाबात वाळली की आकार धरते, म्हणून तर तिचे द्रोण होतात. मग करवंटी शोधायचीच कशाला? १२ सेंमीचे तुकडे कापायचे, दोन थर रेषा एकमेकींना आडव्या येतील असे ठेवायचे, रात्रभर भिजवायचे आणि दोन वाट्यांच्या मध्ये दाबून वाळवायचे. वजन करवंटीच्या मानाने नगण्य, आणि एकात एक बसतात.

शंका दोन आहेत. ओल्या वाळूत विरी पुन्हा मऊ पडेल. त्यावर बाहेरून मेणाचा हात द्यायचा विचार आहे. आणि २१ किलोला तळ फाटू शकतो, तर आत चपलेची चकती टाकून पाहायची. गुहागरच्या बाजूला पोफळीच्या बागा किनाऱ्याला लागूनच आहेत, त्यामुळे चाचणी तिथेच: आधी ओलसर पट्ट्यात, मग सुरूखालच्या कोरड्या वाळूत, आणि दोन्हीकडे तुलनेला मागच्या एका पायाखाली करवंटी, दुसऱ्याखाली विरी. कुणाकडे गळलेल्या विऱ्या असतील तर जाडी मोजून कळवा, देठाकडची आणि कडेची वेगवेगळी.