बेथ्यूनच्या घरी दोन दिवस

रविवार, रात्री उशिरा

पाय भरून आलेत, सायकल अजून चिखलासकट दारात उभी आहे, पण आज लिहूनच झोपणार.

इंग्लंडमधलं आमचं हेस्टिंग्ज आणि उत्तर फ्रान्समधलं बेथ्यून ही जोडशहरं. त्या नात्यातूनच आमच्या सायकल क्लबची तिथल्या क्लबशी सोयरीक जुळली. आलटूनपालटून एकमेकांकडे जायचं आणि हॉटेलात न उतरता घरीच राहायचं, हा जुना रिवाज. फार शहाणपणाचा आहे तो. रात्री कुणाच्या स्वयंपाकघरात भांडी पुसू लागलं की मोडक्या फ्रेंचमध्येही पुष्कळ बोलणं होतं.

शुक्रवारी व्हॅनमध्ये सायकली भरून फोकस्टोन गाठलं. समुद्राखालच्या बोगद्यातून पस्तीस मिनिटांत पलीकडे फ्रान्समध्ये, मग बेथ्यूनपर्यंत साधारण तासाभराचा रस्ता.

शनिवारी सकाळी आमचे यजमान काळे कपडे, पांढरे हातमोजे आणि जुन्या पद्धतीची दोन टोकांची काळी टोपी घालून निघाले. गावात कुणी वारलं होतं. यजमान सेंट एलॉयच्या बंधुमंडळात आहेत. 1188 मध्ये प्लेगच्या साथीत मेलेल्यांना उचलायला माणूस मिळेना, तेव्हा दोन लोहारांनी हे मंडळ काढलं असं तिथे सांगतात. आजही ही मंडळी शवपेटी खांद्यावर वाहून नेतात, पैसा घेत नाहीत, आणि श्रीमंत-गरीब सगळ्यांना मान सारखाच. मृत माणूस ओळखीचा होता का, असं मी विचारलं. ‘नाही,’ म्हणाले, आणि टोपी नीट खोक्यात ठेवून सायकलच्या चाकात हवा भरायला बसले. त्या ‘नाही’बद्दल मला त्यांचा फार आदर वाटला.

दुपारी चौकात फिरलो. पहिल्या महायुद्धात, 1918 च्या तोफमाऱ्यात हा चौक जवळजवळ भुईसपाट झाला होता. चौदाव्या शतकातला घंटेचा मनोरा तेवढा तगला, भोवतीची देखणी घरं नंतर पुन्हा बांधलेली. रात्री यजमानीणबाईंनी इतरांसाठी बिअरमध्ये शिजवलेलं गोमांस केलं होतं, आणि माझ्यासाठी वेगळं, चीज घालून भाजलेलं चिकॉन, म्हणजे चिकोरीचे पांढरे कोंब. मी मांस खात नाही हे त्यांच्या आधीपासून लक्षात होतं. वर साखरेचा टार्ट आणि चिकोरीची कॉफी.

आज सकाळी न्यव्ह-शापेलला गेलो. फेरीचा हा मार्ग यजमानांनी माझ्यासाठी ठरवला होता. बीट काढणीचे दिवस, त्यामुळे रस्त्यावर चिखल, आणि सपाट मुलखात वारा सरळ तोंडावर. वाटेत ल तूरेचं स्मारक लागलं. तिथे तेरा हजारांहून अधिक ब्रिटिश सैनिकांची नावं आहेत, म्हणून आमची इंग्रज मंडळी तिथे बराच वेळ थांबली. मग चौफुल्यावर आमचं स्मारक आलं. ‘आमचं’ हा शब्द आपोआप आला.

गोल भिंत, एका बाजूला दगडी जाळी, मधोमध कमळाचं शीर्ष असलेला उंच स्तंभ आणि त्याच्या दोन्ही अंगांना वाघ. 1927 सालचं हे काम, वास्तुकार हर्बर्ट बेकर. ज्यांना थडगं किंवा चिता लाभल्याची नोंद नाही अशा चार हजार सातशेहून अधिक भारतीयांची नावं भिंतीवर कोरली आहेत. मार्च 1915 च्या इथल्या हल्ल्यात निम्मं सैन्य भारतीय होतं. पण मी शोधत होते ते त्याच्याही आधीचं: 28 ऑक्टोबर 1914. त्या दिवशी 47 व्या शीख पलटणीबरोबर बॉम्बे सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या, दोन कंपन्या या गावात घुसल्या आणि घराघरातून हातघाईवर लढल्या. त्यांचं काम खंदक खणण्याचं, पूल बांधण्याचं. त्या दिवशी त्यांना संगिनी घेऊन पुढे पाठवलं. सॅपर्सचं ठाणं म्हणजे आमची खडकी. त्यांच्या बँडचा सराव ऐकत मी मोठी झाले, आणि ही गोष्ट मला शाळेत कुणी सांगितली नव्हती याचं आज वाईट वाटलं. सॅपर्सची नावं मी बोट फिरवत एकेक वाचली. मधूनच एखादं थेट आपल्या गावच्या मतदारयादीतलं वाटे.

आमच्याबरोबर श्वेर्टेची एक जर्मन बाई होती. श्वेर्टेही बेथ्यून आणि हेस्टिंग्ज दोन्हींचं जोडशहर. तिने न बोलता माझ्याशेजारी दुसऱ्या रांगेतली नावं वाचायला घेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर ज्यांनी ही जोडशहरांची कल्पना उचलून धरली, त्यांना हेच हवं असणार.

परतताना यजमानांनी खडकीत काय आहे ते विचारलं. मी मुळा रोडवरच्या युद्ध दफनभूमीबद्दल सांगितलं. दुसऱ्या महायुद्धातल्या साडेसोळाशेहून जास्त सैनिकांची थडगी तिथे आहेत, आणि आपले माळी ती हिरवळ राखतात. लहानपणी आम्ही सायकलवरून तिथून जायचो, पण आत कुणाची मुलं निजली आहेत हा विचार कधी मनात आला नाही.

‘तिथे मला यायचंय,’ यजमान म्हणाले. ते नुसतं बोलायचं म्हणून बोलत नाहीत. जानेवारीत मी पुण्याला जाणारच आहे, तेव्हा दोघांनी माझ्याबरोबर यायचं असं फाटकातच ठरलं. घरी पोचल्यावर आईला फोन केला. ते किती दिवस राहणार आणि तिखट कितपत चालतं, एवढंच तिने विचारलं. मी सांगितलं: आठ दिवस, आणि तिखट बेतानं.