डेन्मार्क ते जर्मनी: पवनचक्क्या पाहायला जाणार असाल तर

नुसत्या पवनचक्क्या पाहायच्या असतील तर इतक्या लांब जाऊ नका. त्या सगळीकडे सारख्याच दिसतात. आम्हाला उत्सुकता होती ती त्या कोणाच्या मालकीच्या आहेत, वीज जास्त झाली की कुठे जाते आणि थंडीत घरं कशावर तापतात याची. आमचा मार्ग होता कोपनहेगन, सामसो बेट, हॅम्बुर्ग, बर्लिन आणि बर्लिनजवळचं फेल्डहाइम गाव. रेल्वे, बोट आणि थोडी सायकल एवढ्यावर तो होतो. शेंगेन व्हिसा दोन्हीकडे चालतो. चलन मात्र डेन्मार्कात क्रोन, जर्मनीत युरो.

कोपनहेगनला आमागरच्या किनाऱ्यावर मेट्रोने जा. समोर समुद्रात मिडेलग्रुंडेनच्या 20 पवनचक्क्या कमानीत उभ्या दिसतात, तिकीट वगैरे काही नाही. 2000 च्या सुमारास त्या उभारल्या तेव्हा निम्मी मालकी आठ हजारांहून जास्त भागधारकांच्या सहकारी संस्थेकडे होती.

सामसोला मात्र मुक्काम करा. 1973 च्या तेलसंकटात डेन्मार्कची नव्वद टक्क्यांहून जास्त ऊर्जा तेलावर होती. 1985 मध्ये संसदेने अणुऊर्जेचा पर्यायही बाजूला ठेवला. मग पूर्णपणे अक्षय ऊर्जेवर चालून दाखवण्यासाठी 1997 मध्ये एका सरकारी स्पर्धेत हे छोटं बेट निवडलं गेलं. आज जमिनीवर 11 आणि दक्षिणेला समुद्रात 10 पवनचक्क्या आहेत. समुद्रातल्या 10 पैकी 5 पालिकेने घेतल्या, बाकीच्यांत खासगी गुंतवणूकदार आणि छोटे भागधारक आले. आपला पैसा त्यात फिरत असला की पात्यांचा आवाज कमी खुपतो, असं माझं मत झालं.

पण सगळे पवनचक्क्यांचेच फोटो काढतात आणि खरी गंमत राहून जाते. गावातल्या उष्णता केंद्रात शेतातला पेंढा जळतो आणि गरम पाणी जमिनीखालच्या नळांतून घरोघरी जातं. नोर्डबीजवळच्या केंद्रात पेंढ्याऐवजी लाकडाचे तुकडे आहेत, शेजारी पाणी तापवणाऱ्या सौर पॅनेलच्या रांगा. देशातली सुमारे दोन तृतीयांश घरं अशाच सामायिक व्यवस्थेवर तापतात. उन्हाळ्यात ही केंद्रं थंडावलेली असतात, म्हणून सप्टेंबरनंतर गेलेलं बरं. बॅलेनच्या ऊर्जा अकादमीला आधी लिहून वेळ घ्या. बोट कालुंडबोर्गहून बॅलेनला किंवा जटलंडच्या (डेन्मार्कच्या मुख्य भूभागाच्या) बाजूने हाऊहून सेल्विगला जाते. गाडी नेणार असाल तर जागा आधी राखा. आम्हाला सायकल पुरली.

डेन्मार्कचं फार कौतुक करताना दोन गोष्टी विसरू नयेत. मोठ्या शहरांतली बरीच केंद्रं आयात केलेल्या लाकडावर चालतात. आणि वारा पडला की नॉर्वे-स्वीडनची जलविद्युत मदतीला येते. असे शेजारी सगळ्यांना मिळत नाहीत.

जटलंडमधल्या ऑर्हुसहून रेल्वेने हॅम्बुर्गकडे निघालो. उन्हाळ्यात या मार्गावर आसन राखूनच बसा, आणि सीमेवर तपासणी होते म्हणून पासपोर्ट हाताशी ठेवा. जर्मनीच्या उत्तर टोकाच्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्यात वारा जोरात असताना काही पाती थांबलेली दिसली. त्या दिवशीचं कारण दुरुस्तीचंही असेल, पण तारांवर जागा नाही म्हणून पवनचक्क्या थांबवणं इथे नित्याचं आहे. वारा उत्तरेला, मोठे कारखाने दक्षिणेला. दोघांना जोडणारी सुमारे 700 किलोमीटरची झ्यूडलिंक वीजवाहिनी खांबांना झालेल्या विरोधामुळे जमिनीखालून न्यायची ठरली, आणि काम वर्षानुवर्षं लांबलं.

जर्मनीने सुरुवात केली ती कायद्याने. 2000 च्या कायद्यानुसार कोणीही ऊन-वाऱ्यासारख्या अक्षय स्रोतांतून वीज तयार करून ग्रिडला (सामायिक वीजजाळ्याला) द्यावी, 20 वर्षं ठरलेला दर मिळेल. छपरंच्या छपरं पॅनेलनी भरली, त्याचा अधिभार मात्र 2022 च्या मध्यापर्यंत प्रत्येकाच्या बिलात यायचा. आता तर भाड्याच्या घरातही बाल्कनीत 800 वॅटचा संच लावता येतो. बर्लिनच्या गल्ल्यांत मान वर करून चाला, भरपूर दिसतील. एप्रिल 2023 मध्ये शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद झाल्या, कोळसा मात्र अजून जळतोच आहे. आणि घरांचं म्हणाल तर जवळपास निम्मी अजून गॅसवर तापतात. विजेत एवढं करून उष्णतेकडे इतका उशिरा हात घातला, हे मला कोड्यात टाकतं.

म्हणूनच फेल्डहाइम बघण्यासारखं. सव्वाशे-दीडशे वस्तीचं हे गाव, शिवारात 55 पवनचक्क्या. जुन्या तारा विकत मिळेनात, तेव्हा 2010 मध्ये गावाने स्वतःच्या तारा आणि गरम पाण्याचे नळ टाकले. बायोगॅस डुकरांच्या मलमूत्रापासून आणि मक्यापासून होतो. 2015 पासून 10 मेगावॅटची बॅटरीही आहे. ग्रिडमधला विजेचा पुरवठा आणि मागणी यांचा तोल क्षणाक्षणाला सांभाळून ती कमाई करते. वीज आणि उष्णता दोन्ही सामायिक, म्हणून एका दृष्टीने हे जर्मनीतलं डॅनिश गाव.

माहिती केंद्रात मार्गदर्शकासह फेरी मिळते, आधी नोंदवा. ट्रॉयनब्रीत्झेनपर्यंत प्रादेशिक रेल्वे आहे. पुढे शनिवार-रविवारी बसचा भरवसा धरू नका, सायकल गाडीतून न्या. डॉइशलांडटिकेट (जर्मनीभर चालणारं एकच तिकीट) काढलंत तर ते प्रादेशिक गाड्यांत चालतं, वेगवान आयसीईत नाही. आणि ती मासिक वर्गणी आहे: त्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत रद्द केली नाही तर पुढच्या महिन्याचे पैसेही कापले जातात.