निळाच का फाटतो?

ऐन नवतप्यात (मेअखेरच्या तापत्या नऊ दिवसांत) नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या एका ऑफिसातून तक्रार आली की कलर प्रिंटवर चट्टे पडताहेत. मशीन जुनं, कलर लेझर प्रिंटर. चार ड्रम (एकेका रंगाचा टोनर, म्हणजे रंगाची पूड, उमटवणारे रोलर) आणि ते रंग एकत्र करून कागदावर उतरवणारा ट्रान्सफर बेल्ट. आधीचा मेकॅनिक ‘बेल्ट गेला’ म्हणून कोटेशन ठेवून गेला होता. त्या पैशांत एखादं बरं सेकंडहँड मशीन आलं असतं.

अकाउंट्सच्या मॅडमनी नेमकं विचारलं, "भाऊ, काळं तर मस्त येते, मग निळ्यालाच काय झालं?"

गडद निळा म्हणजे सायन (आकाशी) आणि मॅजेंटा (गडद गुलाबी) यांचे एकावर एक दोन थर. बेल्टवरचा टोनर कागदावर ओढून घ्यायला विद्युतभार लागतो आणि दोन थरांना तो जास्त लागतो. ट्रान्सफर जरा कमी पडलं की निळा, लाल, हिरवा हे जोडरंग आधी फाटतात (तुटक उमटतात), एकेरी काळा निभावून नेतो. म्हणजे दोष ट्रान्सफरचा, इथवर आधीच्या माणसाचंही बरोबर होतं.

आधी मोजपट्टी घेतली. रोलरचा दोष त्याच्या घेराइतक्या अंतरानं पुन्हा पुन्हा उमटतो: 24 मिमी व्यासाचा ड्रम असेल तर दर 75 मिमीला, 30 मिमीचा असेल तर दर 94 मिमीला. इथले चट्टे कसेही विखुरलेले, कशाचाच मेळ नाही. मग प्रिंट देऊन कागद अर्ध्यात असताना दार उघडलं. बेल्टवर उरलेला निळा सलग, कागदावर उतरलेला फाटका. ड्रम सुटले. उरले तिघे: बेल्ट, कागद बेल्टवर दाबणारा ट्रान्सफर रोलर आणि कागद.

तीच फाइल दोन्ही बाजूंना छापली आणि गुपित फुटलं. पहिल्या बाजूला चट्टे, दुसरी एकदम साफ. पहिल्या फेरीत कागद टोनर वितळवून चिकटवणाऱ्या तापलेल्या फ्यूजरमधून जातो आणि वाळतो. बेल्ट किंवा रोलर खराब असता तर दोन्ही बाजू बिघडल्या असत्या. कागदच दमट होता.

नागपूरच्या मे महिन्यात दमट कागद? बाहेर हवा कोरडी ठणठणीत, पण प्रिंटर पाण्याच्या कूलरच्या थेट झोतात आणि शेजारी स्टुलावर फोडलेलं रिम (कागदाचा गठ्ठा). दमट कागदातून भार गळतो, टोनर धरवत नाही. सीलबंद रिम फोडून ट्रेमध्ये घातलं, निळा सलग आला.

अक्षरांच्या कडेला लालसर सावली मात्र राहिलीच. ती कागदाची नव्हे, रंग एकावर एक नीट न बसल्याची. बेल्टखालच्या सेन्सरच्या काचेवर टोनरची साय धरली होती. कॅलिब्रेशनच्या (रंग जुळवून घेण्याच्या) वेळी मशीन बेल्टवर रंगाच्या पट्ट्या छापून याच सेन्सरनं वाचतं. काच मळकी असताना कॅलिब्रेशन मारत बसलं, तर टोनर जातो आणि आकडेही चुकीचे बसतात. ड्रम काढून लगेच काळ्या कापडाखाली झाकले (उजेड त्यांना सोसत नाही), काच कोरड्या कॉटन बडनं पुसली, मग मेनूतून कॅलिब्रेशन. सावली गेली.

ब्लोअर मारायचा मोह इथे आवरायचा. टोनरचे कण 5 ते 10 मायक्रॉनचे, ते उडून लेझरच्या काचेवर बसतात आणि पानावर उभ्या फिक्या रेघा येतात. घरगुती व्हॅक्यूमही नको. त्याच्या फिल्टरमधून हे कण आरपार जाऊन खोलीभर पसरतात. टोनर कपड्यांवर सांडला तर झटकून थंड पाण्यानं धुवा, गरम पाण्यानं तो धाग्यात बसतो.

जाता जाता कागद ओढणारे भागही पाहिले. ट्रेमधून कागद उचलणाऱ्या पिकअप रोलरचं रबर चकचकीत झालं होतं, ते ओल्या फडक्यानं पुसलं. एका वेळी एकच कागद सोडणारं सेपरेशन पॅड झिजलेलं, ते बर्डीच्या बाजारातून आणून बदललं.

प्रिंटर समोरच्या भिंतीला हलवला. रिम लोखंडी कपाटात, फोडलं तरी वेष्टनात गुंडाळूनच, आणि ट्रेमध्ये दिवसभराला पुरेल एवढाच कागद. जुलैत कूलर बंद झाला तरी हे सोडू नका, असं मॅडमना सांगून ठेवलंय. तेव्हा दमटपणा खिडकीतूनच येतो. बेल्टचं कोटेशनही फाइलला राहू द्या म्हटलं. जुना आहे, कधीतरी बदलावा लागेलच. पण तेव्हा दुसरी बाजूसुद्धा फाटकी येईल.