दहा पावलं मागे राहिलेली चप्पल

बडोद्याच्या दांडिया बाजारातून भाजी घेऊन येत होते, मागून एका मुलीने हाक मारली, "मासी, तमारी चंपल!" डाव्या पायातली चप्पल दहा-बारा पावलं मागे पडली होती आणि मला कळलंच नव्हतं. साधा व्हायरल ताप उतरून तेव्हा दहा दिवस झाले होते.

तळव्यांना मुंग्या येत होत्या. जवळच्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून बी-12 दिलं. तिसऱ्या दिवशी मुंग्या गुडघ्यांपर्यंत चढल्या, दोन्ही पायांत सारख्याच, आणि पलंगावरून उठता येईना. दिराने उचलून रिक्षात बसवलं.

न्यूरॉलॉजिस्टनी गुडघ्याखाली हातोडी मारली. पाय आपोआप उडायला हवा होता, पण हललाच नाही. दुसरा गुडघा, टाच, कोपर, कुठेच काही नाही. जीबीएस, म्हणजे गुलेन बॅरी. 2025 च्या जानेवारीत पुण्यात साथ आली तोच. विषाणूशी लढायला उठलेली आपलीच प्रतिकारशक्ती मज्जातंतूंवर उलटते. पाठीतलं पाणी तपासलं: प्रथिनं वाढलेली, पेशी मात्र नॉर्मल. ही त्याची खूण. तापानंतर पायांतला अशक्तपणा असा खालून वर चढत असेल, तर कृपा करून टॉनिकवर दिवस घालवू नका. हातोडी मारून बघा, असं डॉक्टरांना स्वतःहून सांगा.

इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे शिरेतून द्यायच्या प्रतिपिंडांचं औषध, सुरू झालं. माझं वजन 50 किलो, म्हणून रोज 20 ग्रॅम, पाच दिवस. पण पहिली रात्रच कठीण गेली. छातीचे स्नायू ढिले पडताहेत का हे कळायला सिस्टर दर दोन तासांनी एका श्वासात आकडे मोजायला लावायच्या. संध्याकाळी एकतीस. दहा वाजता चोवीस. हे उशाशी बसून माझ्याबरोबर ओठ हलवत होते. पहाटे तीनला सतरावर श्वास संपला. ह्यांचे ओठ अठरावर थांबले. मला लगेच आयसीयूत नेलं. व्हेंटिलेटर लागला नाही. चौथ्या दिवशी पुन्हा अठ्ठावीस झाले.

घरी आल्यावर ब्लाऊजचा हुक लागायलाच अडीच महिने गेले. तंतूवरचं आवरण त्यामानाने लवकर भरतं, पण आतला तंतूच दुखावला असेल तर तो रोज साधारण 1 मिलिमीटर वाढतो, असं डॉक्टर म्हणाले. मी टेप आणून कमरेपासून तळव्यापर्यंत मोजलं: 92 सेंटिमीटर. त्या दिवशी खूप रडले, आणि दुसऱ्या दिवशी व्यायामाला बसले.

आज चौदा महिने झाले. सुरसागर तलावाला एक पूर्ण फेरी होते. डाव्या बोटांवर अजून मोजा चढवल्यासारखं वाटतं, म्हणून मागे पट्टा असलेल्या सँडल घेतल्या आहेत.